घट बसले की मडकी लावा: कोकणात परदेशी पक्षी सांभाळताना

पहिला पाऊस पडला की आमच्याकडचे बजी, म्हणजे छोटे ऑस्ट्रेलियन पोपट, वेडे होतात. नर माद्यांना भरवायला लागतात, माद्या लाकडाचे कोपरे कुरतडतात, दिवसभर नुसता कलकलाट. त्यात त्यांचा काही दोष नाही. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात पाऊस म्हणजे गवत, गवत म्हणजे दाणे, आणि दाणे म्हणजे पिल्लं काढायची वेळ. ते त्यांच्या रक्तातच आहे. पण तिकडचा पाऊस चार दिवसांचा आणि आपल्याकडचा चार महिन्यांचा, हे त्यांना कोण सांगणार? रत्नागिरी जिल्ह्यात मोसमाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आगपेटी पेटत नाही. या हवेत घरट्याची मडकी लावायचा मोह आवरणं हा आमच्या कामातला पहिला धडा.

मी दापोली-गुहागर पट्ट्यात एका लहानशा पक्षी उद्यानात काम करतो. हल्ली कृषी पर्यटन करणारी बरीच मंडळी विचारायला येतात, "दोन-चार मकाव, थोडे लव्हबर्ड ठेवले तर पाहुणे खूश होतील, काय काय लागतं?" त्यांच्यासाठी आणि नव्याने कामाला लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेली माहिती भरपूर मिळते, पण त्यात ओल नसते. इथे सगळं ओलीपासून सुरू होतं.

आधी कागद

आपला हिरवा पोपट, करण पोपट, लाल मुनिया, साळुंकी हे देशी पक्षी घरी ठेवायला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार बंदी आहे. "लहानपणी आजीकडे होता" ही सबब चालत नाही. बाजारात कधी कधी देशी मुनियांना रंग फासून परदेशी फिंच म्हणून विकतात. पाण्याने ओल्या केलेल्या कापसाने पाठ पुसून बघा. रंग आला तर तिथून निघा.

परदेशी जातींचं २०२२ च्या दुरुस्तीनंतर बदललं. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस यादीतल्या जाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. नवा पक्षी आणला, पिल्लू झालं, पक्षी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तरी नोंद. पोपटांच्या जवळजवळ सगळ्या जाती सायटिसमध्ये आहेत. सुटलेल्या अगदी मोजक्या, त्यांत बजी, कॉकाटील आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड येतात. पण फिशर लव्हबर्ड यादीत आहे, सन कोनूर आहे, सगळे मकाव आहेत, आणि आफ्रिकन ग्रे तर २०१७ पासून सर्वांत कडक परिशिष्टात आहे. विकणारा "कागद मागाहून पाठवतो" म्हणाला तर पैसेही मागाहूनच द्या.

लोकांना तिकीट लावून दाखवायचं असेल तर आणखी एक पायरी आहे. प्राणिसंग्रहालयाला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. तुमचा बेत त्यात बसतो का, हे वनविभागाच्या कार्यालयात अर्ज देऊन लेखी विचारून घ्या. पिंजरे बांधून झाल्यावर नाही, आधी.

जागा आणि जाळी

पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो. म्हणून दक्षिण आणि पश्चिम बाजू बंद, पूर्व उघडी. सकाळचं ऊन आत आलं पाहिजे. पक्ष्याला ते हवंच असतं आणि जमीनही वाळते. चिऱ्याचं जोतं निदान दोन फूट उंच घ्या. चिरा पाणी पितो, तेव्हा आतून सिमेंटचा गिलावा करून उतार द्या, नाहीतर भिंतच जुलैमध्ये घाम गाळायला लागते. छप्पर पक्कं हवं आणि पागोळ्या पिंजऱ्यापासून लांब पडल्या पाहिजेत. वर नुसती जाळी ठेवून "मोकळं आकाश" द्यायची हौस कुणाला असते. त्या आकाशातून कावळ्यांची आणि हिवाळ्यात किनाऱ्यावर उतरणाऱ्या कुरवांची विष्ठा खाली पडते, आणि बर्ड फ्लू, राणीखेत असे रोग त्याच वाटेने येतात.

जाळीत मी स्वतः मार खाल्लाय. सुरुवातीला स्वस्त मिळाली म्हणून साधी गॅल्वनाइज्ड जाळी आणली. समुद्र हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या पावसाळ्याअखेर तारेवर पांढरी भुकटी धरली आणि एक कॉकाटील सुस्त होऊन हिरवी पातळ विष्ठा टाकू लागला. तो जस्ताची ती भुकटी चाटत होता. पशुवैद्यांनी जस्ताची विषबाधा सांगितली. आठ दिवसांत गेला. तेव्हापासून चोच चालवणाऱ्या पक्ष्यांना स्टेनलेस स्टीलची जाळी. पैसे नसतील तर पिंजरे कमी करा, जाळी हलकी घेऊ नका. गॅल्वनाइज्ड वापरायचीच वेळ आली तर ताज्या जाळीला ब्रशने व्हिनेगर घासून धुवा, महिनाभर उघड्यावर ठेवा, मग लावा. आणि दरवर्षी तिच्याकडे संशयाने बघा.

भोकं अर्ध्या इंचाची. त्याहून मोठ्या जाळीतून लहान साप सहज आत येतो, अंडी-पिल्लं गिळतो आणि पोट फुगल्यामुळे बाहेर पडता न येऊन तिथेच वेटोळं घालून बसतो. सकाळी तुम्हीच दार उघडणार, तेव्हा आधी टॉर्च मारायची सवय लावून घ्या. धामण असेल तर ठीक, पण दर वेळी धामणच असेल असं नाही. जाळी जमिनीत दीड फूट पुरा, घुशी खणतात. दारं नेहमी दोन, मध्ये उभं राहण्यापुरती खोली. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. उडून गेलेला लव्हबर्ड आंब्यावर बसून तुमच्याकडे बघत असतो आणि संध्याकाळपर्यंत कावळे त्याला संपवतात.

बसायला पेरू, आंबा, सुरूच्या फांद्या, वेगवेगळ्या जाडीच्या. सगळ्या एकसारख्या गोल काठ्या लावल्या तर पायाला घट्टे पडतात. कण्हेर कुंपणालासुद्धा नको, विषारी आहे.

आणलेला पक्षी चाळीस दिवस वेगळा

हे कुणालाच आवडत नाही. पक्षी आणला की लगेच सगळ्यांत सोडून फोटो काढायचे असतात. पण नवा पक्षी निदान चाळीस दिवस वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, आणि त्याचं काम दिवसात सगळ्यांत शेवटी. रोज सकाळी खाण्याआधी वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. बजी तीस-चाळीस ग्रॅमचा, कॉकाटील ऐंशी-शंभरचा. पक्षी आजार लपवतो, अंग फुलवून बसला म्हणजे दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. काटा मात्र दोन दिवस आधीच सांगतो. वजन दहावा हिस्सा घटलं की पशुवैद्यांना फोन करा.

इथेच तुमच्या स्वतःच्या तब्येतीचंही सांगतो. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी शिंपडून पुसा आणि मास्क लावा. पोपटांकडून माणसाला सिटॅकोसिस होतो, दिसायला साध्या फ्लूसारखा किंवा न्यूमोनियासारखा. ताप-खोकला हटेना झाला तर डॉक्टरांना आपण पक्ष्यांत काम करतो हे आपणहून सांगा, ते विचारणार नाहीत.

दाणा, पाणी

लहान पक्ष्यांना राळे, वरी, बाजरी, थोडी नाचणी. मोठ्यांना करडई, सूर्यफूल हात राखून. नुसत्या सूर्यफुलावर वाढवलेला पक्षी जाडजूड दिसतो आणि आतून यकृत खराब झालेलं असतं. रोज हिरवं हवं: शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मक्याचं कोवळं कणीस, पपई, पेरू. आंब्याचा गर चालतो, साल आणि चीक नको. ॲव्होकाडो, चॉकलेट, कांदा, खारवलेलं काहीही बंद. पाहुणे वेफर्स भरवतात. तिथे पाटी लावून भागत नाही, माणूस उभा करावा लागतो.

शेंगदाणे आम्ही देतच नाही. दमट हवेत त्यावर जी बुरशी धरते तिचं विष डोळ्यांना दिसत नाही. बाकीचा दाणा मे महिन्यात कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या पिंपात भरा. जुलैपासून दर पंधरवड्याला शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून बघा. ऐंशीच्या आसपास मोड आले तर दाणा जिवंत आहे. निम्मेच आले, किंवा पिंप उघडल्यावर कुबट वास आला, तर सगळा माल बाहेर, कितीही जीव तुटला तरी. मोडाचे मूग उत्तम, पण आपल्या हवेत ते दोन-तीन तासांत आंबतात. भांडं घड्याळ बघून उचला.

पाणी दिवसातून दोनदा बदला. समुद्राजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. ज्या पाण्याचा चहा तुम्हाला नको वाटतो ते पक्ष्यालाही नको. पहिल्या पावसानंतर विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, त्या आठवड्यात पाणी उकळून गार करून द्या.

चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, आपल्याकडे फुकटचा खजिना आहे: समुद्रफेस. पावसाच्या शेवटी शेवटी किनाऱ्यावर पांढरी, होडीच्या आकाराची हाडं लागतात. पाठीकडून कडक आणि पोटाकडून नखाने उकरता येणारी ती हाडं उचलून आणा. गोड्या पाण्यात आठवडाभर बुडवा, पाणी रोज बदला, जिभेला खारट लागेनासं झालं की उन्हात खडखडीत वाळवा आणि जाळीला तारेने बांधा. शहरात हेच दुकानातून विकत आणतात. अंडी घालायच्या दिवसांत मादी हे तासन्‌तास उकरत बसते. ज्या मादीला चुना कमी पडतो तिचं अंडं अडकतं: तळाशी फुगून बसते, शेपूट वर-खाली हलते, जोर काढते. तिला ताबडतोब उबेत ठेवा आणि पशुवैद्य गाठा. तेल लावून अंडं दाबून काढायचे प्रयोग करू नका. अंडं आत फुटतं आणि मादी जाते.

जोडी

'जोडी' हा शब्द विकणाऱ्याचा असतो. बजीत ओळखणं सोपं: चोचीच्या वर नाकपुड्यांपाशी नराची कातडी निळी, वयात आलेल्या मादीची तपकिरी. (बाजारात याच बजींना सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकतात, ते सोडून द्या.) पण पांढऱ्या-पिवळ्या बजीत नराचीही गुलाबी-जांभळी असते, आणि खऱ्या लव्हबर्डात, कोनूरमध्ये, मकावमध्ये तर बाहेरून काहीच कळत नाही. आमच्याकडे एक लव्हबर्डची 'खात्रीची जोडी' आली. एकमेकांना भरवायचे, चिकटून बसायचे. मडक्यात आठ अंडी झाली, सगळी कोरी, म्हणजे आत पिल्लूच नाही. दुसऱ्या वेळेला नऊ, तीही कोरी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की दोन्ही माद्याच आहेत, दोघी मिळून घालतायत. पिसावरून डीएनए तपासणी होते, ती करूनच पैसे द्या.

वयाची घाई नको. बजी आणि लव्हबर्ड वर्षाचे होऊ द्या, कॉकाटील दीड वर्षाचा, सन कोनूर दोन वर्षांचा. ग्रे चार-पाच वर्षं थांबवतो. बहीण-भाऊ एकत्र लावू नका, म्हणूनच प्रत्येक पायात नंबराची कडी आणि वहीत आई-बापाचा नंबर.

घट बसले की मडकी लावायची, शिमग्याला काढायची

आमचं वेळापत्रक एवढंच आहे. नवरात्रात हवा सुकायला लागते, तेव्हा घरटी टांगायची. एका विणीला घालणं, उबवणं, वाढवणं धरून दोन महिने जातात. शिमग्यापर्यंत दोन विणी होतात आणि तेवढ्या पुरे. तिसरी घेतली की मादी खंगते. त्यातून चैत्र-वैशाखात मडक्यातली पिल्लं उकडतात.

पावसाळ्यात का नाही, याचं खरं कारण अंड्याच्या आत आहे. उबवताना अंड्याचं वजन बारा ते पंधरा टक्के घटावं लागतं. कवचाच्या बारीक छिद्रांतून पाणी वाफ होऊन जातं, तेवढा बोथट टोकाकडचा हवेचा कप्पा वाढतो, आणि पिल्लू पहिला श्वास त्याच कप्प्यातल्या हवेत घेतं. जुलैमध्ये हवेतच नव्वद टक्के ओल. अंड्यातलं पाणी जाणार कुठे? पिल्लू पूर्ण वाढतं आणि शेवटच्या दिवशी आतल्या आत गुदमरतं. मी एका वर्षी हट्टाने पावसात वीण घेतली होती. अंडी फोडून बघितली तेव्हा पिसांच्या खुंटांसकट तयार पिल्लं, ओलीचिंब. इनक्युबेटर असेल तरी खोलीतली ओल कमी करणारं यंत्र नसेल तर तेच होतं. पोपटांच्या अंड्यांना आत साडेसदतीस अंशांच्या आसपास उष्णता आणि पंचेचाळीस-पन्नास टक्केच ओल हवी.

बजीला मडकं पुरतं, तळाला मूठभर लाकडाचा भुसा. तळ खोलगट हवा, नाहीतर अंडी गडगडतात आणि पिल्लांचे पाय फाकतात. लव्हबर्डला नारळाच्या हिरव्या पात्या टाका. मादी चोचीने पातीच्या सरळ पट्ट्या काढते. गुलाबी तोंडाची मादी तर त्या पट्ट्या कमरेच्या पिसांत खोचून मडक्याकडे उडते. पाहुण्यांना दाखवायला मकावपेक्षा हे भारी, पण कुणी थांबून बघत नाही. फिंचला काथ्या द्या, मात्र दोन-तीन इंचांचे तुकडे करूनच. लांब धाग्याचा फास पिल्लाच्या पायाला बसला की पाय गळून पडतो.

पोपटांत अंडी एक दिवसाआड येतात. मादी सहसा दुसऱ्या-तिसऱ्या अंड्यापासून बसते, दिवस तिथून मोजा: फिंच बारा ते चौदा, बजी अठरा, कॉकाटील अठरा ते एकवीस, लव्हबर्ड आणि सन कोनूर तेवीसच्या आसपास, ग्रे अठ्ठावीस ते तीस. कॉकाटीलमध्ये दिवसा बाप बसतो, रात्री आई, म्हणून दुपारी मडक्यात नर दिसला तर हाकलू नका.

सातव्या दिवशी तपासायचं. संध्याकाळी मादी खायला उतरली की हात धुऊन, पुसून, खोलीतला दिवा घालवून, मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरायचं. कोरं असेल तर आत नुसता पिवळा उजेड. भरलेलं असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, मध्ये ठिपका, आणि नीट बघितलं तर तो ठिपका धडधडताना दिसतो. अर्ध्या मिनिटाच्या वर बघत बसू नका, आणि अंड्यावर पेन्सिलीने बारीक तारीख घाला, पेनने नको. कोरी अंडी लगेच काढू नका. सगळी काढली की मादी पुन्हा घालायला बसते.

पिल्लं

जमेल तोवर आई-बापांना वाढवू द्या. हाताने भरवलेलं पिल्लू माणसाळतं, किंमतही जास्त येते, म्हणून नवखे पंधराव्या दिवशीच पिल्लू उचलतात आणि निम्मी गमावतात. पिल्लं एक-दोन दिवसांच्या अंतराने फुटतात, त्यामुळे थोरलं आणि धाकटं यांत दुपटीचा फरक असतो. धाकटं चिरडतंय असं दिसलं तर त्याच वयाच्या पिल्लांच्या मडक्यात ठेवा. बजीची मादी सहसा बिनबोभाट सांभाळते.

आई मेली किंवा टाकून गेली तरच हातात घ्या. नुकत्या फुटलेल्या पिल्लाला पस्तीस-छत्तीस अंशांची ऊब, पिसं येतील तशी कमी करत जायची. भरवायच्या पेजेची उष्णता थर्मामीटरने मोजा: एकोणचाळीस-चाळीस अंश. त्याहून गार असली तर गळ्याच्या पिशवीत तशीच आंबते, त्रेचाळीसच्या वर गेली तर पिशवी भाजून भोक पडतं. बोटाने अंदाज घ्यायचा नाही. पिशवी दिवसातून एकदा तरी पूर्ण रिकामी झाली पाहिजे; पहाटे बघा, त्या वेळी ती पोकळ लागते. लाईट गेली की उबेची पेटी अर्ध्या तासात गार होते, इन्व्हर्टर नसेल तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवा.

आणखी एक, उद्यानापेक्षा घरच्यांना सांगायचं: पक्ष्यांच्या खोलीजवळ नॉनस्टिक तवा तापवू नका. जास्त तापलेल्या तव्याचा धूर माणसाला जाणवतही नाही, पक्षी मिनिटांत पडतात.

आगोट

मे महिन्यात घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, गडबड असते, तशी इथेही. शिमग्याला काढलेली मडकी घासून, उन्हात तापवून, माळ्यावर पालथी. ज्या माद्या तरीही जमिनीवर अंडी घालतात त्यांचे नर वेगळे करा आणि मोड, अंडं असलं मऊ खाणं थांबवा. पश्चिमेला ताडपत्री किंवा नारळाची झापं बांधा, पण वरचा वीतभर भाग उघडा राहू दे. हवा कोंडली की ॲस्परजिलस बुरशी थेट फुप्फुसात जाते. गटारं उपसा. कड्या-कोयंड्यांना तेल द्या, खारा वारा ती वर्षात खातो.

आणि पक्ष्यांच्या मोजणीएवढ्या प्रवासी पेट्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्या सकाळी आमच्याकडे पेट्या होत्या सोळा आणि पक्षी त्याच्या तिप्पट. सुपारीची झाडं मोडून छपरावर पडत होती, आणि आम्ही घरातल्या भाताच्या कणगीत, करंड्यांत, अगदी प्रेशर कुकरच्या खोक्यात पक्षी भरत होतो. आता प्रत्येक पिंजऱ्यावर नंबर आहे आणि तोच नंबर पेटीवर. पेट्या पडवीत खुंटीला टांगलेल्या असतात. फक्त दर पंधरा दिवसांनी उघडून बघायच्या, उंदरांनी आत घर केलेलं नाही ना.